पाच सेंटीमीटर आणि चौथा मजला

पत्र: ताई, माझं वय 25. उंची 163 सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट चार इंच. गाव वाळवा तालुक्यात, नोकरी पुण्यात आयटीत. आईने बायोडाटात पाच-सहा लिहिलंय, त्यामुळे बघायच्या कार्यक्रमात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तीन वर्षं विचार करून पाय लांब करायच्या ऑपरेशनचं ठरवलंय. दोन्ही नडग्यांचं, आत रॉड आणि बाहेर रिंग. खर्च नऊ लाख सांगितलाय. पाच साठवलेत, बाकीचं पर्सनल लोन. तारीख 20 जुलै. डॉक्टर म्हणाले पाच सेंटीमीटर धरून चल, पुढचं पुढे बघू. मला आठ हवेत. घरी सांगणार नाही, कंपनीने बेंगळुरूला पाठवलंय म्हणेन. वाकडला भाड्याचा फ्लॅट आहे, चौथा मजला, लिफ्ट नाही, पण एकदा वर गेलो की खाली यायचंच कशाला? रूममेट मदत करणार आहे, वर्क फ्रॉम होम मिळालंय. सिगारेट रोजच्या चार-पाच. तयारी काय करू, व्यायाम कोणते, खायचं काय, एवढंच सांगा. करू की नको यावर लेक्चर नको, मित्रांनी भरपूर दिलंय. ता. क. बहिणीचं लग्न 12 डिसेंबरला आहे. तोपर्यंत वरातीत नाचता येईल ना?

उत्तर:

लेक्चर देत नाही. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, एवढं चालवून घे.

मी मिरजेत एकतीस वर्षं फिजिओथेरपी केली. हाड कापणारे हात माझे नव्हेत. ते कापून झालं की पेशंट माझ्याकडे यायचा, आणि मग महिनोन्‌महिने यायचा. म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं यापेक्षा त्यानंतर घरात काय होतं हे मला जास्त माहीत आहे. तुझ्या पत्रात तारीख आहे, खर्च आहे, आकडा आहे. 21 जुलैपासून पुढचं मात्र ‘रूममेट मदत करणार आहे’ या चार शब्दांत आटोपलंय. तयारी खरी तिथेच करायची आहे.

आधी हिशेब करू, तू आयटीतला, तुला आवडेल. नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारची बारीक काडी, दोन्ही कापतात. साधारण आठवडाभर काहीच करत नाहीत, जखमेत नवं हाड धरायला सुरुवात व्हावी म्हणून. मग रिंगचे नट फिरवून दिवसाला एक मिलिमीटर अंतर वाढवायचं, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. हा वेग कोणी अंदाजाने ठरवलेला नाही. सैबेरियातल्या कुर्गान गावी गावरील इलिझारोव्ह नावाच्या सोव्हिएत डॉक्टरने 1950च्या दशकापासून वर्षानुवर्षं खपून तो बसवला. याहून भराभर ताणलं तर फटीत हाड धरत नाही आणि नसा ओरडतात. फार हळू गेलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं आणि पुन्हा कापावं लागतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं, एकही दिवस थांबावं लागलं नाही, तर पाच सेंटीमीटरला एक आठवडा अधिक पन्नास दिवस. तुझ्या तारखेवरून सप्टेंबरचा मध्य. नडगीला पुष्कळदा वेग कमी करावा लागतो, मग ऑक्टोबर उजाडतो. तेव्हा दुसरं ऑपरेशन: आतला रॉड स्क्रूने पक्का करून रिंग काढायची. आता पाय लांब झालेला असतो, पण मधलं हाड कोवळं, एक्स-रेत धुक्यासारखं दिसणारं. ते टणक व्हायला आणखी काही महिने. आणि वर्ष-दोन वर्षांनी रॉड काढायचा झाला तर ते तिसरं ऑपरेशन. नऊ लाखांत यातली किती धरली आहेत, हे लेखी विचारलंस का?

आठ सेंटीमीटरचं आताच डोक्यातून काढ. हाड वाढतं रे, ते बिचारं आज्ञाधारक असतं. त्याच्या मागची पोटरी, टाचेची शीर, नसा यांना कोणी नवं मांस देत नाही, त्यांना फक्त ताणलं जातं. पोटरी आखडली की टाच वर उचलली जाते आणि माणूस चवड्यांवर उभा राहतो, पाऊल सपाट टेकतच नाही. पुढे शीर कापून लांब करायचं वेगळं ऑपरेशन लागतं. नडगीत पाच सेंटीमीटर हीच मोठी मागणी आहे, आठ म्हणजे चालणं पणाला लावणं. ‘पुढचं पुढे बघू’ हे वाक्य मला त्या डॉक्टरांच्या तोंडी मुळीच आवडलं नाही. थांबायचा आकडा आणि थांबायची कारणं ऑपरेशनच्या आधी ठरतात, ताणायला लागल्यावर नाही. तेव्हा पेशंटला रोजचा मिलिमीटर दिसत असतो आणि त्याची हाव सुटत नाही.

आता चौथा मजला. एकदा वर गेलं की खाली यायचं कशाला म्हणतोस. ताणत असताना दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एक्स-रे लागतो, त्यासाठी. फिजिओसाठी. रिंगच्या तारेपाशी पू आला तर ड्रेसिंगसाठी. आणि रात्री दोन वाजता पोटरी सुजून दगड झाली किंवा धाप लागली तर अँब्युलन्ससाठी. दोन्ही पायांना रिंग असलेल्या माणसाला चार मजले खुर्चीत बसवून उतरवायला चार धडधाकट माणसं लागतात, आणि तुझा रूममेट एक आहे. तोही रात्रपाळीला जात असेल, गावी जाईल, त्याचं लग्न ठरेल. पहिले काही आठवडे तुला भांडं द्यायला, धुवायला, पाठ पुसायला माणूस हवं. हे तू त्याच्याशी या शब्दांत बोललायस का? मैत्री खरी असली तरी भांडं हे भांडं असतं.

घर तळमजल्यावर किंवा लिफ्टचं घे, पाच-सहा महिन्यांसाठी. कमोड हवाच, शेजारी पकडायला दांडी. बाथरूमचं दार टेपने मोज: रिंगांसकट तुझे पाय एरवीपेक्षा बरेच रुंद होणार आहेत, आणि आपल्याकडची बाथरूमची दारं अशी अरुंद की व्हीलचेअर उंबऱ्यावरच अडते. पॅन्ट विसर. लुंगी उत्तम, नाहीतर बाजूने उसवून वेलक्रो लावलेले पायजमे, शिंपी हसत-हसत करून देतो. पावसाळा आहे, ओल्या फरशीवर वॉकर सरकतो, त्याचे रबर नवे हवेत.

सिगारेट आज बंद. 20 जुलैला नव्हे, आज. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो किंवा ते जुळतच नाही, हे माझं मत नव्हे, कुठल्याही हाडाच्या डॉक्टरला विचार. माझ्या अनुभवात ‘कमी केलीय ताई’ म्हणणारे पेशंट एक्स-रेत पकडले जायचे. गायछाप चालते का, असंही एकाने विचारलं होतं. नाही, तीही नाही. किमान दीड-दोन महिने बिनधुराचा राहू शकला नाहीस तर तारीख पुढे ढकल, कारण पुढचे सहा महिने पलंगावर कंटाळ्यात काढताना तलफ याच्या दुप्पट येणार आहे. रक्तात ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर तपासून घे. दिवसभर एसीत बसणाऱ्यांचं ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं मी इतकं पाहिलंय की आता नवल वाटत नाही. ते भरून काढायला वेळ लागतो. खाण्याचं विचारलंस: प्रथिनं वाढव. अंडी, मासे, चिकन, नाहीतर डाळी, उसळी, पनीर, दूध. बाजारात हाडांच्या नावाने मिळणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नकोस. खरी अडचण वेगळी आहे, दुखण्याने भूक मरते. म्हणून आधीच अंगावर थोडं मांस असू दे, आणि नंतर थोडंथोडं पाच-सहा वेळा खा. दुखणं थांबवायला मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या हाड धरण्याच्या आड येऊ शकतात, म्हणून डॉक्टर बहुधा वेगळ्या देतात. शेजारच्या मेडिकलवाल्याला हे माहीत असेलच असं नाही.

व्यायाम आजपासून. टाचेची शीर ताणायची: भिंतीला हात, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, तीस मोजेपर्यंत. दिवसातून तीन वेळा, दोन्ही पाय. जो पेशंट सैल पोटरी घेऊन टेबलवर जातो त्याला पुढे कमी रडावं लागतं. दंडांची ताकद वाढव, कारण पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून कमोडवर तुला हातांनीच जायचंय. वॉकर आधी विकत आण आणि धडधाकट पायांनी घरात चालून बघ. हसू येईल, येऊ दे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात धरलेला वॉकर आणि आधी सवयीचा झालेला वॉकर यात फार अंतर असतं.

आणि आता माझी खास गोष्ट, तीस वर्षं सांगून माझा घसा बसला ती. गुडघ्याखाली उशी घेऊ नकोस. पाय दुखतो, कोणीतरी मायेने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतं, पेशंटला बरं वाटतं, आणि दोन आठवड्यांत गुडघा वाकलेलाच राहतो. मग तो सरळ करताना पेशंट माझ्या नावाने शिव्या घालायचे. उशी घ्यायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होतो. रात्री पाऊल खाली झुकू द्यायचं नाही. रिंगला पाऊलपट्टी जोडून किंवा स्प्लिंटने ते काटकोनात धरून ठेवतात. पट्टी टोचते म्हणून रात्री काढून ठेवलीस तर सकाळी मिळवलेलं रात्रीत घालवलंस. जुना टॉवेल चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढायचा, दर दोन तासांनी, ऑफिसच्या कॉलवर असलास तरी. बोटंही सरळ करत राहायची, तीही आत वळतात. फिजिओ आठवड्यातून दोनदा पुरेल असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. ताणण्याच्या दिवसांत व्यायाम रोजचा आहे, आणि तो जेवणाआधी येतो.

नट फिरवायचे तेव्हा गोंधळ होतो. दोन पाय, प्रत्येकावर तीन-चार दांडे, दिवसातून चार वेळा. प्रत्येक नटवर नेलपॉलिशचा ठिपका लाव, कुठल्या बाजूला फिरवायचा त्याचा बाण काढ, आणि वहीत वेळ टाकून खूण कर. मोबाइलवर नको, वहीच. डॉक्टरांकडे जाताना ती न्यायची. एक फेरी चुकली तर पुढच्या वेळी दोन फिरवून भरपाई करायची नाही, फोन करून विचारायचं.

तारा आणि पिना कातडीतून आत जातात तिथलं ड्रेसिंग तुझ्या डॉक्टरांच्या पद्धतीने कर, प्रत्येकाची पद्धत निराळी असते. थोडी लाली, थोडं पाणी बहुतेकांना कधी ना कधी येतं आणि गोळ्यांनी जातं. पण तुझ्या पायात आत रॉडही असणार आहे, म्हणून पिनेचं इन्फेक्शन माझ्या साध्या रिंगवाल्या पेशंटांपेक्षा तुला महाग पडेल: ते आत उतरून रॉडपर्यंत गेलं तर रॉड काढण्यापर्यंत पाळी येते. पू, ताप, वाढती ठणक दिसली की त्याच दिवशी दाखवायचं. पायाचा अंगठा वर उचलता येईना, पावलावर मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर पुढची फेरी न फिरवता आधी फोन. नस ताणली गेल्याची ती खूण आहे, आणि वेळेत वेग कमी केला तर ती बहुधा सावरते. पोटरी एकाएकी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, तर फोनही नको, सरळ हॉस्पिटल. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर वाट बघायला वेळ नसतो. हे सगळं कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटव, कारण दुखत असताना स्वतःला काही आठवत नाही. पण तो कागद वाचायला दुसरं कोणी घरात हवं ना?

पैशांचं थोडक्यात. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्यविम्यातून वगळलेलीच असते, आणि तिच्यातून पुढे काही बिघडलं तर तो खर्चही कंपन्या सहसा नाकारतात. चार लाखांचं कर्ज तू सगळं सुरळीत होईल असं धरून काढतोयस. आणखी दोन-तीन लाख हाताशी नसतील तर अजून थांब. डॉक्टरांना विचार: अशी दोन्ही पायांची, निव्वळ उंचीसाठीची किती केली, त्यातल्या किती जणांना ठरल्यापेक्षा जास्त ऑपरेशनं लागली, आणि मी त्यातल्या दोघांशी बोलू शकतो का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि तुला न ओळखणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरचं मत घे. मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा जाऊन ये, असं तुझ्या डॉक्टरांनीच सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल तर मी सांगते. वेडा ठरवायला नव्हे. उंची वाढूनही आरशातला माणूस बुटकाच दिसत राहतो, असंही काहींचं होतं. ते हाड कापून बरं होत नाही, आणि आधी कळलं तर नऊ लाख आणि एक वर्ष वाचतं.

लेक्चर नको म्हणालास, पण माझा कल लपवणार नाही. माझ्याकडे रिंग लावून येणारे बहुतेक अपघातातले, पोलिओतले, हाड सडलेले असायचे. इलिझारोव्हकडेही तसेच जायचे. 1964 साली टोकियोत उंच उडीचं सुवर्ण जिंकलेला व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडून घेतल्यावर अनेक ऑपरेशनं करून शेवटी त्याच्याकडेच गेला, आणि पुन्हा उडी मारायला लागला. अशा माणसाला रिंगने गेलेला पाय मिळतो. तू धावणारा पाय घेऊन जातोयस, त्यामुळे थोडंही कमी-जास्त झालं तर ते तुझ्या खिशातून जाणार. चीनने तर 2006 साली निव्वळ उंचीसाठीच्या अशा ऑपरेशनवर बंदी घातली. पोलीस भरतीला 165 सेंटीमीटर लागतात म्हणून विचारणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते: बाबा, उंचीनंतर 1600 मीटर धावायचंही आहे. तू भरतीवाला नाहीस, आणि आपल्या देशातल्या पुरुषाची सरासरी उंची 165-166च्या आसपास आहे, म्हणजे तू दोन-तीन सेंटीमीटरांनी खाली आहेस. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना मोजलंस तर त्यातलं एखादं तसंही इकडे-तिकडे होतं. आईने बायोडाटात लिहिलेले दोन इंच खरे करायला पाच सेंटीमीटर पुरतात, हे तू मोजलं असशीलच. मला तर तो बायोडाटाच दुरुस्त करणं स्वस्त वाटतं, पण बघायच्या कार्यक्रमात पोहे खात बसलेला तू असतोस, मी नाही. तिथे काय वाटतं हे मला बाहेरून ठरवता येत नाही.

घरी सांग. 2016 साली हैदराबादेत असंच घरी न सांगता हे ऑपरेशन करून घेतलेल्या एका तरुणाचं प्रकरण देशभर गाजलं. आई-वडिलांना कळलं तेव्हा मुलगा ऑपरेशन होऊन पडलेला होता, आणि पुढचा सगळा गदारोळ त्याच्या पलंगाभोवती झाला. तुझं वय 25, परवानगी तुला कोणाची लागत नाही. पण 21 जुलैला रात्री तुला पाणी लागेल, आणि तू व्हिडिओ कॉलवर बेंगळुरूची खिडकी कुठून आणणार? आई रडेल, वडील चार दिवस बोलणार नाहीत. नंतर त्याच दोघांपैकी एकजण येऊन राहील. मी पाहिलेल्या घरांत तरी असंच झालंय. नेहमी आईच यायची असंही नाही, एकाचे वडील सहा आठवडे पायाशी झोपले होते आणि रात्री दोनचा नट तेच फिरवायचे. स्वतः सांगवत नसेल तर आधी बहिणीला सांग.

बहिणीवरून आठवलं, तुझा ता. क. नाही, 12 डिसेंबरला वरातीत नाचता येणार नाही. सगळं उत्तम झालं तरी तेव्हा तुला जेमतेम पाच महिने झालेले असतील, एक-दोन कुबड्या किंवा काठी असेल, आणि पंगतीत मांडी घालून बसायचं तर नावच काढू नको. शिवाय बेंगळुरूला गेलेला भाऊ पाच सेंटीमीटर उंच होऊन काठी टेकत मांडवात आला तर बायकांना दुसरा विषय उरायचा नाही, नवरीकडे कोणी बघणार नाही. म्हणून करायचंच असेल तर तारीख लग्नानंतरची घे, जानेवारी-फेब्रुवारीतली. सिगारेट सुटायला, ड जीवनसत्त्व भरायला, घर बदलायला आणि घरी सांगायला तेवढा वेळ लागणारच आहे. डिसेंबरात लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या तुलाच घालायच्या आहेत, आणि कानपिळीला नवरदेवाचा कान. तो त्या वेळी पाटावर बसलेला असतो, 163 सेंटीमीटर भरपूर झाले.